सातव्या होलवरचा निवडुंग

प्रिय डेल्फिना,

गोल्फ क्लबच्या वकिलाने दिलेल्या कागदावर तू गुरुवारी सही करणार आहेस. निवडुंग तुझ्या वडिलांनी चुकीचा लावला, म्हणूनच तो त्यांच्यावर कोसळला, असं त्यात लिहिलंय. सही करण्याआधी हे वाच.

सातवा होल मी आखला तेव्हा तू शाळेत होतीस. खडकाच्या कड्यावरून चेंडू मारायचा, खाली कोरडा ओढा, पलीकडे परातीएवढी हिरवळ. उजवीकडून गेलं तर धोका नाही, पण एक फटका जास्त. डावीकडून थेट, पण चुकलं की चेंडू दगडधोंड्यांत. तरी खेळणाऱ्याला त्यात पुरेशी भीती वाटणार नाही, असं मला वाटत होतं. डाव्या वाटेवर, वाळूच्या खड्ड्याच्या काठी, मला एक उंच सग्वारो निवडुंग हवा होता, फांद्यांचे दोन्ही हात वर करून खेळणाऱ्याला अडवणारा.

रस्त्याच्या कामात निघालेला एक जुना सग्वारो तुझ्या वडिलांनी गाद्यांत गुंडाळून आणला. दक्षिणेकडच्या अंगाला खडूची खूण होती, ते अंग दक्षिणेलाच ठेवून उभा केला. मी कड्यावरून पाहिलं, तर एक हात दुसऱ्याआड लपत होता. फिरवा म्हटलं. तुझे वडील युसेबिओ हसले. "बाई, नवरीचा फोटो काढताय का? याची उन्हाची बाजू उन्हालाच हवी. सावलीतली कातडी भाजते, मग हा आतून सडतो." लोक होल बघायला येतील, कातडी नाही, असं मी म्हटलं. "मग पट्टीवर तुमचं नाव लिहू?" लावणाऱ्याचं नाव पट्टीवर लिहून ती खोडाला टांगायची, ही त्यांच्या टोळीची रीत तुला ठाऊक आहे. मी हातानेच फिरवा अशी खूण केली. त्यांनी निवडुंग फिरवला आणि स्वतःचं नाव लिहिलं.

तो होल मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्याच जोरावर मला पुढची कामं मिळाली, तुला माझ्या कचेरीत घेता आलं. सग्वारो मरायला लागला तरी साठवलेल्या पाण्यावर वर्षानुवर्षं उभा राहतो. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मला करपलेली बाजू दाखवली, गेल्या वर्षी बुंध्यातून गळणारा काळा रस. पाडू या म्हणाले. वसंतातली स्पर्धा होऊन जाऊ दे, मी म्हणाले. खेळणारे त्याच्यापासून लांबूनच जात. त्याच्याखालची वाळू रोज सकाळी दाताळ्याने सारखी करायला मात्र तुझे वडीलच जात. तो त्यांच्यावर कोसळला तेव्हा स्पर्धेला नऊ दिवस उरले होते.

आज सकाळी हे सगळं मी चौकशीवाल्यांना सहीनिशी लिहून दिलं. माझं काम जाईल, जाऊ दे. पण हे पत्र त्यासाठी नाही. दफनानंतर तू माझा हात धरून म्हणालीस, "पप्पांना घाई नडली. तुमच्या होलचं नाव खराब झालं, माफ करा त्यांना." आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले होते, केलं माफ.

तुझीच म्हणवायला आता न धजणारी,
कॉरिन