सासूबाईंची फांदी

प्रिय स्तानोयका,

नको, जुन्या फांद्यांना हात लावू नकोस. झोल्तानला सांग, जावईबापू, करवत खाली ठेवा. नव्या कलमाला जोर मिळावा म्हणून बाकीचं झाड उतरवतात, हे त्याचं बरोबर आहे. पण तुझ्या नासपतीला चांगली गोड फळं येतात, ती येऊ देत. का ते सांगते. जरा दमानं घे, मला धीर गोळा करावा लागतो.

तू काठीशिवाय फाटकापर्यंत चालतेस आणि डॉक्टरला झापतेस, हे वाचून मी आधी रडले आणि मग घाबरले. हसू नकोस. फेब्रुवारीत तुझ्या लेकीचा फोन आला, म्हणाली, "मामी, आई फार दिवसांची नाही." आणि तू मागितलंस ते एवढंच, आईच्या फांदीच्या चार काड्या, तुझ्या झाडावर कलम बांधायला. तुमच्या आईचं मूळ झाड रस्त्यात गेलं, उरली होती ती आमच्या अंगणातली ही फांदी.

तुझ्या भावाने, वेलिसावने, एका रानटी नासपतीच्या खुंटावर चार जाती जोडल्या होत्या, तुला माहीतच आहे. सासूबाईंची फांदी सगळ्यांत दांडगी. दर जुलैला तिचे शेंडे खुडावे लागायचे, नाहीतर बाकीच्या तिघी उपाशी राहायच्या. तुझा भाऊ शिडीवर चढून तिला म्हणायचा, "आई, जरा सरकून बस, सुनांनाही जागा दे." मी खालून म्हणायचे, जिवंतपणी कधी सरकल्या नाहीत, आता काय सरकणार. फळ तर दगडासारखं, गवतात घालून डिसेंबरातल्या सेंट निकोलसच्या सणापर्यंत वाट बघायची. पण तेव्हा मात्र चमच्याने खावं असं व्हायचं. हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

तू विचारलंयस की नव्या फुटीला काटे कसे आले, आईच्या झाडाला तर नव्हते. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की तुझी आईच ती, काटे असायचेच. पण तू आता बरी झालीस. तीन-चार वर्षांनी फळ धरेल, तू चावा घेशील, आणि ते असेल रानटी, तोंड वाकडं करणारं. त्या काड्या बुंध्याखालच्या, खुंटावरच्या फुटीच्या आहेत. सरळ होत्या, ज्याच्या हाती त्या पाठवायच्या तो बसवाला हॉर्न वाजवत होता, आणि मला वाटलं, तू त्या उशाशी घेऊन समाधानाने जाशील. बाई गं, तू गेली नाहीस, हे फार बरं केलंस. पण माझी पंचाईत केलीस. तर झोल्तानला ते कलम काढून टाकायला सांग, आणि तुझं झाड वाचव.

आईच्याच का नाही पाठवल्या, हे तू विचारशीलच. कडाक्याच्या थंडीने फांदी गेली असं वर लिहिलं होतं, ते खोडलंय, डाग दिसेल तुला. तशी थंडी पडलीच नव्हती. वेलिसावला पुरून आल्यावर जेवणाच्या पंगतीत तू सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "स्तामेना, झाड जप हं, ते आमच्या घरचं आहे." चाळीस वर्षं पाणी मी घातलं, आणि घर तुमचं. ते मला गिळवलं नाही. पुढच्या मार्चमध्ये मी त्याचीच करवत घेतली आणि फांदी बुंध्यापासून कापली, जोडाच्याही खाली, पुन्हा फुटू नये म्हणून. तुझ्या लेकीचा फोन आल्यावर वरच्या वस्तीत घरोघर विचारून आले, तसं झाड कुणाकडे नाही. आणि नाताळला मी पाठवलेलं धुरावलेलं मांस तुला फार आवडलं होतं ना, असला वास आईच्या हाताला होता म्हणालीस, तो धूर त्याच फांदीचा होता.

अजून म्हणवून घेशील तर तुझीच,
स्तामेना