टाच वर

अण्णा, परवा मेट्रोच्या दारात मला अडवलं. पिशवी यंत्रातून गेली, पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी दुसऱ्या बाईंना बोलावलं आणि दोघींनी मिळून साहेबांना. पिशवीत गोळा होता. गोळाफेकीचा आहे, मी खेळते, असं मी कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा तिघांनी आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि मग पुन्हा पडद्याकडे. आत सोडलं नाहीच. मी ऑटो केली आणि वाटेत तुमच्याशी मनातल्या मनात बोलत राहिले. ते आज लिहून काढते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पाठवायची सोय नाही हे मला कळतं.

आपल्या वेळी बसमध्ये कुणी तपासत नसे. तपासलं असतं तर बरं झालं असतं. बसवनगुडीतल्या घरून मैदानावर जाताना ड्रायव्हरने ब्रेक मारला, पिशवी कलंडली आणि गोळा गडगडत पुढे निघाला. एकामागून एक माणसं पाय वर घेत होती. गोळा ड्रायव्हरच्या पाठीमागे जाऊन आदळला, तेव्हा सगळी बस पाय वर करून बसली होती, आणि तुम्ही प्रत्येक सीटपाशी थांबून माफी मागत होतात. कन्नडमध्ये, तमिळमध्ये, आणि एका आजोबांची चुकून मराठीत. गोळा मात्र मीच उचलला. तुम्हाला तो एका हाताने उचलत नसे.

तुम्ही काडीसारखे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ऑफिसात बसायचात, आणि आयुष्यात तुम्ही काही फेकलं असेल तर ते केळीचं साल, तेही डबा शोधून. जेवताना मीठ हवं असलं तर मिठाच्या बरणीकडे बघत बसायचात, मागायचा नाहीत. माझा हा दणकट बांधा कुठून आला यावर घरात चर्चा होत असे आणि आई ती तिच्या माहेरापर्यंत पोचू देत नसे. शाळेतल्या सरांनी सांगितलं की मुलीच्या खांद्यात जोर आहे, हिला गोळा द्या. सरांकडे पळणारी मुलं ढीगभर होती, फेकणारी मी एकटी, म्हणून मला मैदानाचा कोपरा मिळाला आणि माझ्याकडे बघायला तुम्ही.

घरी सराव स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंतच्या बोळात. फरशी फुटेल म्हणून गोळ्याऐवजी नारळ. पाठ स्वयंपाकघराकडे करून मी वाकते, एका पायाने मागे सरकते, वळते, आणि तुम्ही तिथल्या दाराशी उशी धरून उभे असता. सुटलेला नारळ एकदा उशीच्या वरून गेला आणि पिठाच्या डब्यात पडला. आई पिठाने पांढरी होऊन बाहेर आली. तिने नारळ उचलला, फोडला आणि त्याची चटणी केली. त्या दिवसापासून सरावाचा नारळ आदल्या दिवशी तिच्याकडे मागावा लागे. रोज रात्री ती मला रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, वाढायची. ही पोर एक गोळा खाते आणि एक फेकते, असं ती खालच्या मजल्यावरच्या अक्कांना सांगायची, आणि त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते मला अजून कळलेलं नाही.

माझी खोड एकच होती. वर्तुळाच्या मध्यावर आले की उजवी टाच जमिनीला टेकायची आणि पायातला सगळा जोर तिथेच संपायचा. सरांनी ते एकदा सांगितलं. तुम्ही ते मनावर घेतलंत. मी वळायला लागले की मीठसुद्धा न मागणारा माणूस कोपऱ्यातून ओरडायचा, ‘टाच वर!’ पहिल्यांदा ओरडलात तेव्हा फिरायला आलेली माणसं थांबली. मीही थांबले. घरी आल्यावर सांगितलं तर आईला पटेना. अण्णा ओरडले? कोणाचे अण्णा?

मग ती निवड स्पर्धा. आईची अट ठरलेली होती: पहिल्या तिघींत येऊन जिल्ह्याच्या संघात गेले तर खेळ, नाहीतर संध्याकाळचा वेळ कॉम्प्युटरच्या क्लासला. शेवटची फेक उरली तेव्हा मी चौथी होते. तुम्ही दोरीपलीकडे, तोंड उघडायचं नाही असं मला वचन देऊन, तोंडात सुपारी धरून उभे. मी वाकले, सरकले, वळले. गोळा हातातून सुटला तेव्हाच मला कळलं. असा तो कधीच सुटला नव्हता. तिसरीच्या खुणेपलीकडे जाऊन पडला. पंच, सर, बाकीच्या मुली, सगळे तिकडे बघत होते, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, ‘टाच वर!’

पंच दचकले आणि त्यांनी खाली बघितलं. वर्तुळाच्या पुढच्या बाजूला जी लाकडी फळी असते, तिच्यावर पाय पडला तर फेक बाद. माझा अंगठा फळीवर होता. मी गोळ्याकडे बघत तिथेच उभी होते, देवळाच्या पायरीवर उभी असल्यासारखी. लाल निशाण वर गेलं.

तुम्ही पंचांकडे गेलात. आपलं नेमकं काय चुकलं ते विचारायला. पंच भला माणूस. त्यांनी सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, उलट तुम्ही आवाज दिलात म्हणून त्यांना फळीवरचा पाय दिसला, आणि वर तुमचे आभार मानले. तुम्ही सवयीने ‘सरी सरी’, बरं बरं, म्हणून आलात.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. तुम्ही म्हणालात, ‘मी फळी बघितलीच नाही गं. मी तुझी टाच बघत होतो.’ मी खिडकीकडेच बघत विचारलं, ‘वर होती का?’

‘होती,’ तुम्ही म्हणालात. ‘पहिल्यांदाच होती. ओरडून झाल्यावर लक्षात आलं.’

घरी आई दारातच उभी होती. मी काही बोलायच्या आधी तुम्ही चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलंत, गोळा कुठे पडला, निशाण कसं वर गेलं, आणि कोणामुळे. आईने तुमच्या पायांतल्या चपलांकडे बघितलं. मला वाटलं, क्लासची फी आता उद्याच भरली जाणार. ती म्हणाली, ‘मग पुढच्या वर्षी हिला एकटीला पाठवा.’ आणि आत जाऊन मुद्दे वळायला लागली.

पुढच्या वर्षी मी एकटी गेले आणि संघात आले. राज्यात सहावी. तिथेच माझी मजल संपली, पण त्यावर मला नोकरी लागली, आणि पहिल्या दिवशी तुम्ही मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडायला आलात आणि दारवानाला सांगितलंत की ही गोळा फेकते. हळू आवाजात, पण सांगितलंत.

आता खरं ते. गेल्या महिन्यात प्रौढांच्या स्पर्धेत मला पदक मिळालं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला, नवऱ्याने पेढे वाटले, मुलाने सगळ्या नातेवाइकांना कळवलं की आई तिसरी आली. ते खोटं नाही. पण माझ्या वयोगटात आम्ही तिघीच होतो, अण्णा, आणि त्यातली एक लंगडत होती. घरात कोणाला मी हे सांगितलेलं नाही. पेढे फार चांगले होते.