मागचं डावं चाक

प्रिय धाकल्या,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता दुकानातल्या चष्मिशकडून लिहून घेतलाय. फसवणूकच आहे, पण माझ्या खात्यावरच्या फसवणुकींत ही अगदी किरकोळ. मोठी पुढे येईल.

तुझी निळी गाडी आठवते ना? आखूड स्प्रिंगा घालून तू ती इतकी खाली आणलीस की आई म्हणाली होती, “ही गाडी आहे की पाट? बसायचं तर मांडीच घालायला हवी.” आणि तरी मागे डावीकडे, मांडीवर पर्स घेऊन, तीच आधी जाऊन बसायची. तुला त्या गाडीला आठ इंच रुंदीच्या रिमा हव्या होत्या, ऑफसेट पस्तीस, वर दोनशे पंचवीसचे टायर. मी म्हटलं, ऑफसेट जितका कमी तितकं चाक बाहेर; मूळच्या सात इंची, पंचेचाळीस ऑफसेटच्या चाकापेक्षा हे चाक बावीस-तेवीस मिलिमीटर बाहेर येतं. रिकाम्या गाडीत झकास दिसेल, माणसं बसली की टायर पत्र्याला चावेल. आपल्या दुकानात रिकाम्या गाडीचं माप कधी घेत नाहीत. माणसं बसवायची, मग टायर आणि पत्र्यात बोटं घालून बघायची. तरी तू त्या रिमा चढवल्यासच, मग पाना टाकलास आणि म्हणालास, “दादा, तुला माझं काहीच बसत नाही.” ते चाकांबद्दल नव्हतं, हे मला तेव्हाच ऐकू आलं होतं. मी मात्र चाकांबद्दलच बोलत राहिलो.

तू गेलास, दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकलंस, घर घेतलंस. आईने धोशा लावला, मला धाकट्याचं घर बघायचंय. बस तिला लागते, तेव्हा न्यायची तर गाडीतूनच. तूही फोनवर सांगितलंस, गाडी माझी आहे, आईला घेऊन ती माझ्या दारात येऊ दे. मी म्हटलं, मागचं डावं चाक घासतंय, नीट करून आणतो. चार महिने मी हेच म्हणत होतो. आई रोज जेवण झालं की दुकानात यायची, गाडीत जाऊन बसायची, पर्सचा चाप टक् करून उघडायची, टक् करून लावायची आणि विचारायची, “झालं का रे?” मग मी तिला कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणायचो, वळणावर मान तिरकी करायचो नि म्हणायचो, “ऐकलंस? घासतंय.” ती म्हणायची, “मला नाही बाई ऐकू आलं. पण तुझे कान तिखट, तू म्हणतोस तर असेल.” मग मी दरवाजा उघडायचो, हात धरून तिला उतरवायचो आणि घरी सोडायचो. गेल्या थंडीत ती गेली. तू आलास, एक दिवस राहिलास, माझ्याशी चार वाक्यंही न बोलता परतलास.

आता ताजी बातमी. दोन महिन्यांपूर्वी मी ती गाडी विकली. तुला विचारलं नाही. त्याच्या शिव्या वेगळ्या घाल. घेणारा दातांचा डॉक्टर, सडाफटिंग, गाडीत एकटाच फिरणारा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी परत आला. म्हणाला, “मागे डावीकडे घासतंय.” मला हसू आलं, कारण त्या चाकात काही घासण्यासारखं नव्हतं. गाडी सपाट फरशीवर घेतली नि सवयीने बोटं घातली. एकसुद्धा आत जाईना. चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत माप घेतलं. उजवीकडे तीनशे चाळीस, डावीकडे तीनशे अठ्ठावीस. चष्मिशने डाव्या-उजव्या स्प्रिंगांची अदलाबदल केली. डावी बाजूच खाली. नव्या स्प्रिंगा घातल्या. तरी डावीच. गेली बावीस वर्षं हा माणूस गाड्यांखाली सरपटतोय, आजवर कशाला बिचकलेला नाही. तो बाहेर आला, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाला, “मालक, आत कोण बसलंय? त्यांना जरा उतरायला सांगा की.” काचेतून दिसत होतं, आत कुणी नव्हतं.

मी उजव्या मागच्या सीटवर वजनं ठेवायला लागलो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा मोजलं. शेहेचाळीस किलो. आईच्या शेवटच्या तपासणीचा कागद तुझ्याकडेच आहे, बघ काढून.

गाडी मोडीतच काढावी लागेल, अशी मी डॉक्टरची समजूत घातली आणि ती परत घेतली. तेव्हापासून जेवणानंतर दुकानात यंत्रं बंद असली की मला तो चाप ऐकू येतो. उघडताना टक्, लावताना टक्. मधे सीट किंचित करकरते, बसल्या जागी कुणी पदर सावरावा तशी. चष्मिशला ऐकू येत नाही. तो म्हणतो, “तुमचे कान तिखट, तुम्ही म्हणता तर असेल.” मी स्वतः एकदा तो दरवाजा उघडून हात पुढे केला. गाडी तसूभरही वर आली नाही. पंजा मात्र थंड पडला आणि संध्याकाळपर्यंत थंडच राहिला.

धाकल्या, ते चाक तेव्हा घासत नव्हतं. तू गेल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मी तुझ्या रिमा काढून मूळची चाकं चढवली होती. आईला मागे बसवून माप घेतलं, दोन बोटं सहज जात होती. गाडी तयार होती. मला भीती होती की तुझं घर बघितलं की ती तिथेच राहील. मला एकट्याला इथलं घर खायला उठलं असतं. म्हणून जे कान लोकांनी भरवशाचे मानले, त्यांच्या जोरावर मी आईशी खोटं बोललो. आणि आता तेवढ्याच वजनाने तेच चाक खरंच घासतंय.

गेला आठवडाभर मी तिचं माप घेऊनच चाकं निवडतोय. रिम साडेसात इंची, ऑफसेट बेचाळीस, टायर दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा. तुला हवं होतं तितकं रुबाबदार नाही, पण मूळच्यापेक्षा बरंच, आणि पत्र्याची कडा थोडी आत वळवून घेतली आहे. काल वळणावर मान तिरकी करून ऐकलं. काही नाही घासलं. मागून विचारलंही नाही कुणी, झालं का म्हणून. येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येतोय. मला आत बोलावू नकोस, पाणीही विचारू नकोस. फक्त फाटकाशी उभा राहा आणि मागचा डावा दरवाजा तू उघड. माझ्या हाताने ती उतरायची नाही. त्या हाताने तिला फार वेळा परत नेलंय. दरवाजा उघडलास की घाई करू नकोस, तिचे गुडघे तुला माहीत आहेत. गाडीची डावी बाजू वर येईपर्यंत थांब. मग हात धरून तिला घर दाखव.

तुझाच,
दादा