मानेपर्यंत भरलेली बाटली

मी, खाली सही करणारा, वय पंचावन्न, धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही. येत्या गुरुवारी डॉक्टर माझ्या हृदयातली एक झडप बदलणार आहेत. 'काळजीचं काही कारण नाही,' असे ते म्हणतात. गिऱ्हाइकांना मीही हेच सांगतो, म्हणून लिहून ठेवतो.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते सगळे पत्नीचे. ते वापरताना तिने कोणाची परवानगी मागू नये, मुलीचीही नाही. मागची खोली माझ्या कपाटाने अडवली यावरून तिने मला आजवर जे जे ऐकवले, ते बरोबर होते.

२. काचा घासायची यंत्रे शेजारच्या घड्याळजीला. माझी बारीक पक्कड त्याने कधीच नेलेली आहे. तीही आता त्याचीच समजावी, म्हणजे माझ्यासमोर ती लपवण्याचा त्याचा त्रास वाचेल.

३. कपाटातल्या जुन्या स्कॉच व्हिस्कीच्या बाटल्या मुलीला. सगळ्या ब्लेंडेड, म्हणजे निरनिराळ्या भट्ट्यांची व्हिस्की मिसळून भरलेल्या, बहुतेक माझ्या जन्माच्या आसपासच्या. हल्ली पैसेवाल्यांना एकाच भट्टीचा माल लागतो, या बाटल्यांकडे ते नाक मुरडतात. मुरडोत. मुली, तू म्हणाली होतीस, 'बाबा, हा तुमचा दवाखाना आहे. रोज तपासता आणि घरी कुणालाच सोडत नाही.' आता तू सोड. बाटल्या उभ्याच ठेव. आडव्या ठेवल्या की दारू बूच खाते. विकशील तर लिलाववाल्याला विकू नकोस. तो चारचौघांत मला 'काचवाला' म्हणतो आणि माल माझ्या शब्दावर खपवतो.

४. रिकाम्या बाटल्या हातोडीने फोडाव्यात, काचेचा चुरा होईपर्यंत. भामटे त्या विकत घेतात, आत स्वस्त दारू भरतात आणि जुनी म्हणून विकतात. माझ्या टेबलावर एक रिकामी बाटली आहे, ती मात्र फोडू नये. का, ते पुढे लिहिले आहे.

५. हे कलम थोरल्या भावाबद्दल. दादा जहाजावर स्वयंपाकी होता. वडील गेल्यावर मला धंद्याला लावले ते त्याने.

बाटली पारखताना मी आधी दारूची पातळी बघतो. झाकण कितीही घट्ट असो, इतक्या वर्षांत थोडी उडतेच. पातळी मानेतून खांद्यावर उतरते. ती मानेतच असेल आणि झाकणावर ओरखडे असतील, तर कोणीतरी उघडून नंतर भरलेली. हे मला कोणी शिकवलेले नाही. बघून बघून शिकलो, आणि त्याचाच मला माज आहे.

गेल्या वाढदिवसाला घरी लिलाववाला होता, हॉटेलचा मॅनेजर होता, आणखी दोघे शौकीन होते. दादा कापडात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आला.

'बघ रे, तुझ्या कामाची आहे का. कप्तानाने दिली होती. तुझ्यासाठी ठेवली.'

मी टॉर्च लावला, भिंगातून झाकण पाहिले. पातळी मानेतच, झाकणावर ओरखडे. 'दादा, ही नंतर भरलेली आहे.'

'कोण भरणार? माझ्या ट्रंकेत होती.'

'तेच म्हणतोय. तुझ्याच ट्रंकेत होती ना?'

लिलाववाला हसला. त्याचे हसणे मला आवडले, हेही इथे नोंदवतो.

दादाने झाकण पिरगाळून काढले. 'मग जपायची कशाला,' म्हणाला आणि सगळ्यांचे पेले भरले.

पेला नाकाशी नेला आणि मला कळले. जुने लाकूड, मेण, संत्र्याची सुकी साल, सर्वांत शेवटी जरासा धूर. अशी मिसळ आज कोणी करत नाही, आणि नकली माल भरणाऱ्याच्या बापाला ती जमणार नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, 'पिण्यापुरती बरी आहे.'

दादा न जेवता गेला. पाहुण्यांनी बाटली संपवली. रिकामी झालेली मी टेबलावर ठेवली, ती अजून तिथेच आहे.

पुढे वहिनींचा फोन आला. 'भावोजी, जॅमच्या बरणीसारखं त्या बाटलीचं तोंड मेणात बुडवून ठेवलं होतं त्यांनी. जहाजावरची सवय. तुमच्याकडे न्यायची म्हणून सकाळभर सुरीने मेण खरवडत बसले. बोट कापून घेतलं. म्हणाले, पारखी माणूस आहे, स्वच्छ दिसायला हवी.'

मेणामुळे दारू उडाली नव्हती. ओरखडे त्या सुरीचे होते.

त्यानंतर दोनदा दादाकडे गेलो. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, चहा प्यायलो, परत आलो. तोंडाने जमले नाही ते इथे लिहितो. बाटली अस्सल होती. माझ्या हातात आलेल्या सगळ्यांत ती चांगली होती. दादाने काही लबाडी केली नव्हती. मला वास घेताच समजले होते, आणि चार माणसांत माझी पारख खोटी ठरू नये म्हणून मी भावाला खोटा ठरू दिला. माझ्यामागे हे कलम त्याच पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचावे. लिलाववाल्याला पुढे बसवावे.

६. ~~कपाटातली सर्वांत मौल्यवान बाटली, वरच्या खणातली, दादाला द्यावी.~~

कलम सहा खोडण्याचे कारण: दुसरा साक्षीदार हवा होता. पत्नीने मला न विचारता दादाला बोलावले. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाई त्याला म्हणाल्या, 'साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही हं. तुमच्या नावाने एक बाटली आहे.'

दादा म्हणाला, 'मग मीच सही करतो.'

त्याने मी घासलेल्या काचांचा चष्मा लावला आणि सगळे वाचले. कलम पाच पुन्हा वाचले. मी खिडकीकडे बघत होतो. खोडाखोड माझ्या हातची असून मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार

लिहून देणार: (सही) काचवाला

साक्षीदार १: (सही) शेजारचा घड्याळजी. यंत्रे नकोत, पक्कडही परत करत आहे.

साक्षीदार २: (सही) थोरला भाऊ, निवृत्त स्वयंपाकी. पाच वाचलं. सहा नको. टेबलावरची रिकामी बाटली आजच घेऊन जातो, ती माझी आहे.