ब्रेक धरलाय, जा आत

टॉलनेस, साऊथ डकोटा
रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

प्रिय आई,

तुझा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत. कानटोपी घालतो, मारामाऱ्या सोडल्यात, आणि नवल म्हणजे एकाच गावात चौदा महिने टिकलोय.

मक्याच्या कोठारात काम करतो असं मी लिहिलं होतं. ते अगदीच खोटं नाही. फक्त कोठाराला चाकं आहेत.

चिडू नकोस, पुढे वाच.

इथली एक्केचाळीस मैलांची मालगाडीची लाइन मोठ्या कंपनीनं टाकून दिली होती. रूळ उखडायला माणसं आली, तेव्हा सहा गावच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ती विकत घेतली. एक जुनं इंजिन, माणसं तीन. साहेब म्हणजे ट्वेटनकाका. तेच गवत कापतात, तेच फोन घेतात. गाडी ताशी दहा मैल. परवा एक कुत्रं आम्हाला मागे टाकून गेलं, तर माझा जोडीदार डेल्बर्ट ओरडला, "अरे, त्याला विचार, पुढे सिग्नल काय आहे!"

बाबा गेले तेव्हा त्यांची रेल्वेची टोपी तू शेगडीत घातलीस ते मी विसरलो नाही. "या घरातलं कुणी पुन्हा रुळाला पाय लावणार नाही," म्हणालीस. मी मान हलवली होती. बाबा दोन डब्यांच्या मधे वाकलेले होते, आणि कुणीतरी गाडी हलवली. 'कुणीतरी' असंच आपण म्हणतो.

इथे पहिल्याच दिवशी मला ब्रेकच्या हवेची नळी जोडायला दोन डब्यांच्या मधे जायचं होतं. पाय हलेनात. इंजिनाच्या खिडकीतून काका म्हणाले, "आधी मला विचार."

"जाऊ का आत?"

त्यांनी ब्रेक लावला, दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाले, "ब्रेक धरलाय, जा आत." हा शब्द मिळाल्याशिवाय इथे कुणी आत जात नाही. मग गेलो.

आणि आई, मंगळवारी मी ड्रायव्हरची परीक्षा पास झालो! नियमांचं एवढं जाड पुस्तक वाचणं मला कुठलं झेपतंय? ट्वेटनकाकांच्या घरच्या इंगाकाकू बटाटे सोलता सोलता वाचायच्या, मी पाठ करायचो.

"गाढवा, एवढं डोकं आहे, मग शाळेत काय झालं होतं?"

"शाळेत बटाटे नव्हते, काकू."

काल डेल्बर्टनं खालून विचारलं, "जाऊ का आत?" मी ब्रेक लावला. तपासला. पुन्हा तपासला. हात वर केले आणि तो शब्द दिला. तो काम उरकून बाहेर आला तरी माझे हात वरच. म्हणतो, "ब्रेक धरलास ते बरं केलंस, आता श्वास सोड!" हसता हसता मी रडलो, कुणाला सांगू नकोस.

आत जाणाऱ्याला सांभाळणारा मी आहे, आई. एवढंच सांगायचं होतं, आणि त्याला चौदा महिने लागले.

बसचं तिकीट पाकिटात आहे. चोवीस तारखेला हंगामाची शेवटची गाडी. इथल्या चर्चजवळच्या रेल्वे फाटकाशी उभी राहा. यावंसं वाटलं तर हात वर कर, मी थांबेन. तू इंजिनात चढून नीट बसेपर्यंत गाडी तसूभर हलणार नाही.

ब्रेक धरून वाट बघणारा,
तुझा क्लेल