मागची म्हातारी कोण?

२ फेब्रुवारी

'ताई, पाणी प्या.'

माझ्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवरचं हे पहिलं मत! खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

बँडमध्ये धनेशच्या गिटारमागे उभी राहून गात होते, तेव्हा हाच आवाज 'पॉवरफुल' होता. एकटीनं गायले की पाणी प्या. छान आहे.

आईला अजून ऐकवलेलं नाही. मोबाइल पुढे धरला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, भात उतू जाईल." भात अजून चुलीवर चढायचा होता.

४ फेब्रुवारी

'धनेशभाऊ नाय तर मजा नाय.'

'आधी बरी होती.'

'मराठीत रॉक म्हणजे वरणात चीज.' — याला हसले. मग हसल्याचा राग आला.

पुण्याच्या कुणीतरी लांबलचक लिहिलंय. 'मातीचा वास असलेला आक्रोश' म्हणे. मातीचा वास! आसनगावच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलंय बाबा, आला तर ऑइलचा येईल. पण सापगावची मुलगी म्हटली की मातीचाच वास यायला हवा.

७ फेब्रुवारी

आज सहाव्या गाण्याखाली — 'मागची म्हातारी कोण? हिला मागे घ्या नि तिला पुढे आणा.'

मागची म्हातारी म्हणजे माझी आई.

आई धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजीच्या बरोबरीनं हिचा मान. मांडवात बसायचं आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, धवला, म्हणायचा. टोकावड्याची रंभामावशी तिची जोडीदारीण. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं झेलायची. मुरबाडपासून शहापूरपर्यंत लोक आईची, हिराबाईची, तारीख घेऊन मग हॉल बघायचे.

दोन वर्षांमागे आई तांदूळ निवडत गुणगुणत होती, तेव्हा मी मोबाइलवर घेतलं होतं. हळदीचा धवला. तांदूळ सुपात सरकतात तेही ऐकू येतं. अल्बम करताना विचारलं, "आई, घालू का गं?" ती म्हणाली, "घाल की." ती सोडते नि मी झेलते. माझ्या पद्धतीनं, किंचाळून. ड्रम्स, गिटार, सगळं त्यावर कोसळतं.

ते गाणं करताना वाटलं होतं, बाकी जग खड्ड्यात जाऊ दे, हे एक आईला आवडेल.

ते मत आईला सांगितलं नाही. का सांगू? माझा अल्बम आहे.

१२ फेब्रुवारी

आणखी तिघांना म्हातारी हवीय. एक जण लिहितो, 'त्या आजीनं ओळ सोडली आणि माझ्या अंगावर काटा आला. मग ही बाई ओरडली आणि काटा उतरला.'

मोबाइल गादीवर आपटला. फुटू नये म्हणून गादीवर. माझा रागही बेताचाच.

१८ फेब्रुवारी

शेजारच्या ताराबाईनं ऐकलं. तिच्या पोरीनं, नेहानं ऐकवलं. ताराबाई आमच्या दारात उभी राहून, आईला ऐकू जाईल असं म्हणाली —

"हलदीचा धवला नि मागून मढ्यावर रडल्यासारका सूर! अवलक्षनी पोर. लोकाच्या मांडवात तुजी आय बसते, जरा तरी इचार करायचास."

मी आईकडे बघितलं. एकदा तरी म्हण — मीच हो म्हटलं होतं म्हणून. नाही. ती कोथिंबीर निवडत राहिली. निवडून झालेली कोथिंबीर परत निवडत राहिली.

१ मार्च

काही नाही लिहायला. कुणाचंच मत नाही. शिव्या तरी द्या!

९ मार्च

आज ताराबाईच्या भाचीच्या हळदीला डीजे होता. धवलारीण नव्हती. शेजारच्या घरचं लग्न, आणि आई घरी.

मी चौकशी केली. ताराबाई म्हणाली, "आमी बोलावलं होतं. हिराबाईच म्हनली, पोरीनं धवला बाटवला, आता मी कुटल्या तोंडानं मांडवात बसू?"

बाटवला! स्वतःच्या तोंडानं म्हणाली. घाल की म्हणालेलं तोंड तेच ना?

घरी येऊन विचारलं. "आई, तू असं म्हणालीस?"

"म्हनले असंन."

"अगं तूच हो म्हणाली होतीस ना?"

"मला काय म्हाईत तू असं करशील?"

"ऐकलंस का तू? एकदा तरी ऐकलंस का?"

उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. पोटच्या पोरीला उत्तर द्यायचं सोडून कोंबड्या!

१५ मार्च

हे तिसरं लग्न. तिसऱ्यांदा आई घरी. तेच कारण. सगळ्या पंचक्रोशीत आता माझी ओळख — आईचा मान घालवणारी.

धनेशचा फोन आला. "परत ये. तुझं एकटीचं चालणार नाही हे मी आधीच म्हटलं होतं." हो, म्हटलं होतंस. तुला आधीच सगळं कळतं.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा रडू आलं. अल्बमसाठी नाही. आई मांडवात बसली की वेगळी दिसायची. नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि नवरीची आजीसुद्धा तिच्यासाठी सरकून जागा करायची. आता दुपारभर ओटीवर बसून रस्त्याकडे बघते. ते माझ्यामुळे. या एका गाण्यामुळे.

२० मार्च

अल्बम नेटवरून काढून टाकला. फक्त ते गाणं काढायला गेले, मग वाटलं सहाव्याशिवाय बाकीचं ठेवून काय करायचं? सगळाच काढला. गाणी, मतं, शिव्या, म्हातारीचे चाहते, सगळे एका बोटासरशी गेले.

ताराबाईला जाऊन सांगितलं. तिच्याइतका चांगला भोंगा गावात दुसरा नाही. "आता कुठेच नाही ते गाणं, सगळ्यांना सांगा. आईला बोलवा म्हणावं."

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "सगळाच काडलास?"

एवढंच. शाब्बास नाही, बरं केलंस नाही.

१४ एप्रिल

टोकावड्याहून माणसं सुपारी घेऊन आली! वैशाखातलं लग्न. "आमच्या घरात चार पिढ्या धवल्याबिगर लगीन नाय झालं, हिराबाय." मी चहा ठेवला. आनंदाच्या भरात साखर दोनदा घातली.

आईनं सुपारी परत केली.

"नाय जमायचं."

"आता तर ते गाणं नाय ना?"

"तरी नाय."

चहा कुणी घेतलाच नाही. मी सगळे कप मोरीत ओतले. म्हणजे मी माझं सगळं घालवलं ते फुकट! हिला मला शिक्षाच द्यायची आहे. दे. आयुष्यभर दे.

२२ एप्रिल

टोकावड्याला गेले. रंभामावशीला म्हटलं, तुझं ऐकेल ती, तू समजाव.

मावशी गवऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "काय समजावू? तिचा आवाज गेलाय."

"काय?"

"वरच्या सुराला उठतच नाय. फाटतो. गेला सगला हंगाम मीच सोडते नि मीच झेलते. ती बाजूला बसून नुस्ती व्हट हालवते. मांडवात डीजेच्या दनदनाटात कोनाला कलतंय? मी म्हनलं हिराबाय, सांगून टाक. ती म्हने, धवलारनीचा आवाज गेला असं कसं सांगू? मग तुजं गानं आलं." मावशीनं गवरी पालथ्या हातानं चेपली. "तिला बरंच झालं."

बरंच झालं!

म्हणजे आवाज फाटला म्हणून नाही, पोरीनं बाटवला म्हणून. त्यात लाज कमी. लाज तिची होती, ती माझ्या नावावर लावली. आणि मी वेडी, तिच्यासाठी अल्बम पुसून बसले. पुसला तेव्हाही बोलली नाही! येताना एसटीत पुढच्या सीटचा दांडा इतका घट्ट धरला होता की हाताला वळ उठले.

२३ एप्रिल

आईशी बोलले नाही.

२४ एप्रिल

बोलले नाही. तिनं माझ्या आवडीची सुकटीची चटणी केली. खाल्ली. बोलले नाही.

१ मे

सकाळी आई तांदूळ निवडत होती. गुणगुणत नव्हती. मान वर न करता म्हणाली, "त्या तुज्या गान्यात माजं होतं ना — ते कोनाला आवडलं का गो?"

मतं सगळी मी पुसलेली. पण पाठ होती. समोर बसले, सुपाची एक बाजू धरली आणि पहिल्यापासून सांगायला लागले. "एकानं लिहिलं होतं, मागची म्हातारी कोण?"

"म्हातारी?" आईनं सूप खाली ठेवलं. "मेला कोन तो?"

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अजून काय म्हनले?"