ज्याची नंबरप्लेट सरळ

बाबा, काल तुमच्या खात्याने माझा फोटो काढला. ठाकुर्लीच्या मोठ्या रस्त्यावर हल्ली एक पांढरी गाडी उभी असते, तिच्यात वेग मोजायचं मशीन आणि कॅमेरा, आणि बाजूला सावलीत तुमचे तीन-चार लोक. मी तिथून सुसाट गेलो आणि हेल्मेट काढायच्या आत मोबाइलवर चलान आलेलं. एवढ्या तत्परतेने तुमच्या खात्याने आजवर माझं काही केलेलं नाही, आणि तिचं तर मुळीच नाही. म्हणून लिहायला बसलोय. भांडायलाच बसलोय, आधीच सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलेलं आहे.

ती म्हणजे माझ्या कॉलेजातली. मी दुसऱ्या वर्षाला सरांशी राडा करून बाहेर पडलो, ते तुम्हाला आवडलं नसतं, राहू दे. आता कल्याणला बाइकच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करतो. तिने शिक्षण पूर्ण केलं. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका खोके बनवणाऱ्या कंपनीत ती डिझाइनचं काम करते, खोक्यांवरची अक्षरं तिची असतात. किराणा दुकानात मी वस्तू घेण्याआधी खोकं वाचतो, हे तिला माहीत नाही. संध्याकाळी ती ठाकुर्लीला उतरते, स्टेशनबाहेर लावलेली स्कूटी काढते आणि त्याच रस्त्याने घरी जाते. काही आठवड्यांपासून तिच्या मागे एक काळी बाइक लागलेली. नंबरप्लेट वर वाकवलेली, इतकी की तो नंबर फक्त घारींना वाचता यावा. तो बोलत नाही, हात लावत नाही. तिने वेग वाढवला की वाढवतो, ती थांबली की पुढे जाऊन वळणावरच्या टपरीवर उभा राहतो आणि हसतो. बास, एवढंच. एवढ्याने तिची झोप उडालेली. तिच्या घरचे लोक शांत, वडील बँकेत, आई शिक्षिका. ते शांतपणेच म्हणाले की ठाण्याची नोकरी सोड, घराजवळ काहीतरी बघ. तिने महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. म्हणजे तो हसणारा पकडला गेला नाही तर शिक्षा तिला, असा हिशोब ठरलेला.

एकदा ती त्या पांढऱ्या गाडीपाशी थांबली. म्हणाली, "साहेब, तो बाइकवाला रोज माझा पाठलाग करतो." मशीनवाल्या हवालदाराने मान वर केली, म्हणाला, "मॅडम, आमचं फक्त स्पीडचं. चौकीला जा." ती चौकीला गेली. तिथला माणूस चहा पीत होता. "नाव काय त्याचं?" माहीत नाही. "गाडीचा नंबर?" दिसत नाही. "हात लावला का?" नाही. "मग?" ती म्हणाली, "मग काय, लावेपर्यंत थांबू? पाठलाग हासुद्धा गुन्हा आहे, कलम वाचून आलेय मी." तो म्हणाला, "वाचलंत ना, छान. आता नाव आणि नंबर घेऊन या." हे सगळं तिने मला हसत सांगितलं, त्या माणसाची नक्कल करून. ती नक्कल छान करते. माझं मात्र डोकं फिरलं.

मी सरळ त्या पांढऱ्या गाडीपाशी गेलो. म्हटलं, "मामा, एक मशीन धरायला एवढी माणसं लागतात? एखादा गुंड पकडायला पण जा ना कधी. ती स्कूटीवाली सांगून गेली ना तुम्हाला." हवालदार तुमच्याच वयाचा असेल, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. चिडला नाही. म्हणाला, "तू कोण तिचा?"

"कोण म्हणजे... कॉलेजातला."

"कुठल्या वर्षाला?"

"सोडलं कॉलेज."

"मग कॉलेजातला कसा?" बाकीचे हसले. त्याने पुन्हा मशीनला डोळा लावला आणि म्हणाला, "हे बघ बाळा, मी हा पॉइंट सोडला तर इथे माझ्या नावाने बोंब होणार. माझा पॉइंट आहे हा."

पॉइंट. बाबा, तो शब्द मी तुमच्यानंतर पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकला, आणि मला ठाण्यातला खोपटचा चौक दिसला. एस.टी. डेपोच्या तोंडाशी तुमचा पॉइंट. आई आणि मी बूट घ्यायला ठाण्याला आलेलो, तुमची ड्यूटी संपायची वाट बघत फुटपाथवर उभे आहोत. सगळा रस्ता तुम्हाला मामा म्हणतोय. मामा सोडा ना, मामा साइड द्या. मला मजा वाटतेय, अख्ख्या ठाण्याचे मामा आणि माझ्या एकट्याचे बाबा. सिग्नल बंद पडलाय, तुम्ही एक हात आडवा धरून एका बाजूची सगळी वाहनं थोपवलीत आणि डेपोतून बस बाहेर वळतेय, तिच्या पुढून शाळेच्या पोरी रांगेने रस्ता ओलांडतायत. तेवढ्यात एसटीतून उतरलेली एक बाई किंचाळते, मंगळसूत्र, माझं मंगळसूत्र. बाइकवरचे दोघे तुमच्या हाताखालून, अक्षरशः हाताखालून निघून जातात. मी मनात म्हणतो, आता बाबा धावणार. आता बघा. तुम्ही मान वळवून बघता, खांद्यावरच्या वॉकीटॉकीत काहीतरी बोलता आणि हात तसाच ठेवता. लोक ओरडतायत, "मामा, बघताय काय नुसते!" ती बाई तिथेच रस्त्यावर बसली. तुम्ही तिच्याकडे गेलात, पण पोरी पलीकडे गेल्यावर, बस निघाल्यावर, सगळं उरकल्यावर. त्या दिवशी घेतलेले बूट कसे होते तेसुद्धा मला आठवत नाही.

रात्री स्वयंपाकघरात आई बोंबील तळतेय, तुम्ही बनियनवर पाटावर बसलाय. मी म्हटलं, "तुम्ही घाबरलात." आईचा झारा हवेत थांबला. तुम्ही मारलं नाहीत. भाकरी ताटात ठेवलीत आणि म्हणालात, "पॉइंट सोडला तर त्या पोरींकडे कोण बघणार होतं? चोर पकडला असता तर टाळ्या वाजल्या असत्या. माझ्या चौकात आज कोण मेलं नाही, ते कुणाला दिसतं?" मी म्हटलं, "आणि त्या बाईचं?" तुम्ही पुन्हा भाकरी उचललीत. आई आपल्या बोलीत पुटपुटली, "रस्त्यान उभा रावून यांना काय गावला?" आणि बोंबील वाढले. पुढच्याच आठवड्यात माझ्या वाढदिवसाला तुम्ही हेल्मेट आणलंत. सायकलवाल्या पोराला हेल्मेट! मोटारसायकल नाही घरात आणि हेल्मेट. ते घालून मी गावात सायकल चालवली तर पोरं "चांद्रयान आलं" म्हणून मागे धावली. मग काही महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी घरातला पंखा पुसताना तुमच्या छातीत दुखलं आणि त्या बाईचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. आजोबांनी मिठागरावर पाय भाजून घेतले, तुम्ही डांबरावर; आणि गावात लोक अजून विचारतात, बाबा पोलीस होते म्हणजे नक्की कुठे, आणि ट्राफिकला म्हटलं की "अच्छा, ट्राफिकला" म्हणतात.

तर हवालदाराचं ते ऐकल्यावर मी ठरवलं, तुमचं खातं पॉइंट सोडत नाही ना, मग मी पॉइंट धरतो. रोज संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमधून लवकर निघून त्या वळणावर, टपरीच्या समोर गाडी लावून उभा राहायला लागलो. ती गेली की तिच्या मागे थोडं अंतर ठेवून घरापर्यंत. तो काळ्या बाइकवाला मला बघून गायब व्हायचा, दोन दिवसांनी परत यायचा. मला वाटलेलं ती खूश होईल. एके दिवशी तिने स्कूटी थेट माझ्यासमोर थांबवली.

"तू काय करतोयस?"

"लक्ष ठेवतोय."

"तोही तेच करतो," ती म्हणाली. "तो मागे असतो, तू पुढे वळणावर, आणि मग तूही मागे. आरशात बघितलं तरी कोणीतरी, समोर बघितलं तरी कोणीतरी. मला रस्ता पाहिजे रे, पहारा नको."

बाबा, माझ्यावर इतकं कुणी ओरडलं नव्हतं, आणि ती ओरडलीसुद्धा नव्हती. मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "तो आहे मागे. तू येऊ नकोस, फक्त फोन चालू ठेव." मी अर्थातच निघालो. फोन खिशात चालू, कल्याणहून ठाकुर्लीपर्यंत गाडी कशी आणली मला माहीत नाही, म्हणजे आता माहीत आहे, चलानवर लिहिलंय. पांढरी गाडी मागे टाकली आणि करकचून ब्रेक मारला, कारण ती तिथेच उभी होती. त्याच हवालदारापाशी, स्कूटी बाजूला लावून. आणि मागून तो येत होता. आरामात, बैलगाडीच्या चालीने. त्याला कसली भीती? मशीन वेग बघतं, याचा वेग नाही. कॅमेरा नंबर वाचतो, याला नंबर नाही. त्या रस्त्यावर ज्याची नंबरप्लेट सरळ, तेवढाच माणूस तुमच्या खात्याच्या हिशोबात जगात आहे. हा नव्हताच. हसत हसत तो गाडीसमोर आला तेव्हा ती हवालदाराला म्हणाली, "साहेब, पाठलागाचं राहू द्या. ती नंबरप्लेट बघा."

हवालदाराने बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग एक पाऊल, फक्त एक पाऊल पुढे टाकलं, हात आडवा धरला आणि म्हणाला, "बाजूला घे." तोच हात, बाबा. कोपर न वाकवता. त्याने चावी काढून घेतली. काळ्या बाइकवाला म्हणतोय, "मामा, सोडा ना, एवढ्याशा कारणावरून." हवालदार म्हणतो, "एवढंसंच तर बघतो मी. लायसन?" मी तोपर्यंत हेल्मेट हातात घेऊन धावत आलेलो, ते त्याच्या डोक्यात घालायलाच. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हात लावलास तर केस तुझ्यावर होईल आणि माझी राहील बाजूला." हवालदार म्हणाला, "आणि तू, कॉलेजातल्या, तुझी गाडी रस्त्यातून काढ आधी." मी जागच्या जागी उभा राहिलो. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही. हवालदाराने लायसनवरचं नाव मोठ्याने वाचलं. तिने ते मोबाइलमध्ये लिहिलं, मान वर केली आणि त्या हसणाऱ्याला विचारलं, "आडनावात वेलांटी पहिली की दुसरी?" तेव्हा त्याचं हसू गेलं. मग प्लेट सरळ करायला लावून तिने नंबर घेतला आणि स्कूटी चौकीकडे वळवली. आज सकाळी कळलं, तक्रार लिहून घेतली. घ्यावीच लागली, नाव होतं, नंबर होता, वेलांटीसकट. ती आजही वागळे इस्टेटला गेली, मुदतीबद्दल घरी कोणी काही बोललं नाही.

तुम्ही आता म्हणाल, बघ, पॉइंटवर उभा राहिला म्हणूनच सापडला ना. नाही बाबा. हे मी मान्य करणार नाही. तोच हवालदार त्याच जागी आधीही उभा होता, तोच बाइकवाला त्याच्यासमोरून रोज जात होता, आणि हात तेव्हा वर झाला नाही. पत्र्याचा तुकडा वाकला तर तुमचं खातं हलतं, बाई घाबरली तर चौकीला जा. वेगाने माणसं मरतात, मला शिकवू नका, तुम्ही रस्त्यावरचं रक्त धुवायला पाण्याचा टँकर मागवायचात ते मी घरी ऐकलेलं आहे. मशीन लावा, माझा फोटो काढा, काढा शंभर वेळा. पण रस्त्यावर मरायचं नाही एवढंच बघायचं, आणि रस्त्यावरून घाबरत जाणाऱ्यांनी घरी बसायचं, ही कुठली वाटणी? पोरी आणि ती बाई, यातलं एकच निवडायला तुम्हाला कुणी उभं केलेलं? त्या माणसाला विचारलंत का कधी, की चौकात एकटाच का ठेवला मला? मी विचारलं असतं. म्हणून मी कुठे टिकत नाही आणि तुम्ही मात्र शेवटपर्यंत टिकलात, हेही मला कळतं. तरी मी विचारलं असतं.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला रस्ता हवाय, तो आधी तिचा होऊ दे. हे पत्र तुमच्या त्या हेल्मेटमध्ये ठेवतोय. आई त्यात लसूण ठेवते, लसणाखाली ते सुरक्षित राहील, आणि तुमच्याकडे न्यायला तसंही कोणी नाही. फक्त एक, चलानवरचा फोटो मी मोठा करून बघितला. गाडी तिरपी, वेग लिहिलेला, तोंड दिसत नाही. दिसत नाही कारण हेल्मेट आहे. ती फोनवर "तो आहे मागे" म्हणत होती, आणि बाबा, मी हनुवटीखालचा पट्टा लावायला थांबलेलो.